प्रोपेन हीटिंग, दोन हिवाळ्यांनंतर: उबेला चार तारे, मीटरांना शून्य

तेलाचा जुना बॉयलर काढून प्रोपेन घेतलं, त्याला दोन हिवाळे झाले. टाकी आणि फर्नेसची मापं सगळ्यांना माहीत असतात, ती इथे उगाळत नाही. हे लिहायला बसलो ते राज्याच्या पाइपलाइन सुरक्षा खात्याकडून पत्र आलं म्हणून. पत्रात माझा उल्लेख ‘ऑपरेटर’ असा आहे. गॅस पाइपलाइनचा ऑपरेटर! अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड पट्ट्यात माझ्या दोन बैठ्या इमारती आहेत आणि त्यात तीन भाडेकरू: लॉन्ड्री, दातांचा दवाखाना आणि हार्डवेअरचं दुकान. एवढाच माझा पसारा.

आधी ऊब. त्याबद्दल तक्रार नाही. तेलाचा वास गेला, काजळी गेली, खोल्या पटकन तापतात. फक्त गॅलनचा भाव तेलापेक्षा कमी दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका. प्रोपेनच्या गॅलनमधून सुमारे ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) मिळतात, तेलाच्या गॅलनमधून सुमारे १,३८,०००. एका गॅलन तेलाची बरोबरी करायला दीड गॅलन प्रोपेन जाळावं लागतं. दुसरं म्हणजे, टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतो; कडाक्याच्या थंडीत त्याची पातळी खाली आली की त्यातून गॅस पुरेशा वेगानं तयार होत नाही. लॉन्ड्रीचे ड्रायर जोरात असले की दवाखान्याची फर्नेस रुसते. टाकी वेळेवर भरून घेतली की हे टळतं. आणि टाकी रिकामी होऊन गॅस थांबलाच, तर पुन्हा सुरू करताना गळतीची तपासणी करावी लागते, तिचं बिल वेगळं. म्हणून मी काटा अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

आता मीटर. डीलरच्या माणसानं सुचवलं होतं की पार्किंगच्या मागे १००० गॅलनची एकच टाकी ठेवू, तिथून जमिनीखालून दोन्ही इमारतींना लाइन नेऊ आणि भिंतीवर तीन छोटे मीटर बसवू. ज्याचा गॅस त्याचं बिल. ड्रायर लॉन्ड्रीचे, त्यांचे पैसे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी का भरावेत? पटलं. ‘घरच्यासारखंच आहे, कागदपत्रं काही लागत नाहीत,’ हे त्याचं वाक्य.

लागतात. केंद्राच्या गॅस पाइपलाइन नियमांचा भाग १९२ आहे, त्यात प्रोपेनसारख्या पेट्रोलियम गॅसला सूट कधी, ते सांगितलंय. १० पेक्षा कमी ग्राहक असतील आणि लाइनचा कुठलाही भाग सार्वजनिक जागेत नसेल, तर सूट. किंवा एकच ग्राहक असेल आणि सगळी व्यवस्था त्याच्याच आवारात असेल, तर सार्वजनिक जागा असूनही सूट. लोकांची ये-जा असलेली व्यापारी इमारत सार्वजनिक जागेत धरली जाते. म्हणजे दुकानांच्या बाबतीत १० हा आकडा विसरा. दुसरा ग्राहक आला की तुम्ही नियमांच्या कक्षेत. माझ्याकडे तर तीन.

पहिला विचार आला तो मीटर उपटून गॅस भाड्यात धरण्याचा. चालत नाही. मास्टर मीटरच्या, म्हणजे मालकानं एका मीटरमधून गॅस घेऊन पुढे भाडेकरूंना वाटण्याच्या व्यवस्थेच्या व्याख्येत भाड्यातून गॅसचे पैसे देणाराही ग्राहकच आहे, आणि खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी मलाही तोच न्याय लावला. गॅस मी विकत घेतो आणि पुढे वाटतो, म्हणून ऑपरेटर मी. डीलरनं प्रत्येकाला थेट बिल लावलं असतं आणि लाइन त्याच्या मालकीची असती, तर हे घोंगडं त्याच्या गळ्यात असतं. त्यानं मीटर मला का विकले, ते आता कळतंय.

ऑपरेटर झालात की लेखी कार्यपद्धती, आणीबाणीची योजना, लाइनवर काम करणाऱ्याच्या पात्रतेच्या नोंदी, सगळं आलं. गळतीची पाहणी बाजारपेठेच्या भागात दर वर्षी, दोन पाहण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. त्या भागाबाहेर ५ वर्षांतून एकदा, कमाल ६३ महिने. ६३! असा आकडा सरकारी टेबलावरच सुचतो. सवलतीही आहेत: एका टाकीवर १०० पेक्षा कमी ग्राहक असतील तर वार्षिक अहवाल नको, आणि कर्मचाऱ्यांच्या अमली पदार्थ चाचणीचा नियम फक्त प्रोपेन वाहणाऱ्या लाइनला लागू नाही. मीटर वाचायला जाणारा मीच, तेव्हा निदान माझी चाचणी टळली.

इथपर्यंत हा अनुभव शुद्ध शिव्यांचा होता. मग इन्स्पेक्टरसाहेब स्वतः आले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला: लाइन नक्की कुठून गेलीय? मला माहीत नाही. डीलरकडे नकाशा नाही. प्लास्टिकचा पाइप मातीत शोधता यावा म्हणून त्याच्यासोबत तांब्याची तार पुरतात, तीही सापडेना. खोदण्याआधी जमिनीखालच्या लाइन खुणा करून घ्यायला ८११ हा नंबर असतो. तिथे फोन केला तर कंपन्या आपापल्या लाइन खुणा करून जातात, खासगी आवारातल्या प्रोपेनच्या लाइनकडे सहसा कोणी बघत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मेन राज्यातल्या फार्मिंग्टनला हेच घडलं. इमारतीच्या बाहेर खांब बसवताना जमिनीखालची प्रोपेनची लाइन तुटली, गॅस इमारतीत शिरला, स्फोटात अग्निशमन दलाचा एक कॅप्टन गेला आणि बरेच जण जखमी झाले. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, वर उडून जात नाही, खाली साचून राहतो. हवेत जेमतेम २ टक्क्यांच्या वर गेला की पेट घेऊ शकतो. गॅसला वास मिसळलेला असतो, पण मातीतून झिरपताना तो वासही कमी होऊ शकतो. आणि मी त्याच पार्किंगमध्ये बर्फ ढकलणाऱ्या गाडीसाठी खांब रोवायचे कोटेशन मागवून बसलो होतो.

तेव्हा नियमांबद्दलचं मत बदललं. ग्राहक मोजण्याबद्दलचं नाही. त्याच पार्किंगखालचा तोच पाइप एकाच दुकानाला गेला असता, तर हे पत्र आलंच नसतं. तार तर एनएफपीए ५८ या प्रोपेनच्या सुरक्षा संहितेतही सक्तीची आहे, म्हणजे ती एका ग्राहकालाही हवीच होती. हे दाखवल्यावर डीलर ‘तपासतो’ म्हणून गप्प झाला. इन्स्पेक्टरच्या अहवालाची प्रत पाठवली, तेव्हा कुठे माणसं आली, पूर्ण लाइन उकरली आणि तारेसकट नवी टाकली. खर्च त्यांचा. पार्किंगचं डांबर मात्र अजून ठिगळांचं आहे आणि त्याचं बिल कोणी द्यायचं यावर इमेलं चालू आहेत.

पुढचा बेत असा: लॉन्ड्रीला वेगळी टाकी, बाकी दोघांना वेगवेगळ्या. १२५ ते ५०० गॅलनची टाकी इमारतीपासून १० फुटांवर चालते, ५०० च्या वर गेलात की सहसा २५ फूट, म्हणून तिन्ही ५०० च्या आतल्याच. प्रत्येक टाकीला एक ग्राहक, त्याच्याच आवारात. भरणीच्या फेऱ्या वाढतील आणि घाऊक भाव जाईल, हे मला झोंबतंय. दुसरा मार्ग म्हणजे एकच बॉयलर माझ्या ताब्यात ठेवून भाडेकरूंना गॅसऐवजी ऊब विकायची, पण ड्रायरना गॅसच लागतो.

तुम्ही घेणार असाल तर सहीच्या आधी डीलरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: ऑपरेटर कोण, जमिनीखालच्या लाइनचा नकाशा, आणि तार पुरल्याचा फोटो. तीन मीटर काढून ठेवणार आहे, चालू स्थितीत आहेत. कोणाला हवे असतील तर सांगा, पण आधी तुमचे ग्राहक मोजा.