पहिला सिबिल स्कोअर: मोबाईलचा ईएमआय की एफडीवरचं कार्ड?

पुतण्याला नोकरी लागून आठ महिने झाले, दोनेक वर्षांत फ्लॅट बघायचाय म्हणतो आणि सिबिल (आपण कर्ज कसं फेडतो याचा रिपोर्ट, बँका कर्ज देताना तो बघतात) काढला तर स्कोअरच नाही, नुसतं एनएच. म्हणजे नो हिस्टरी. कर्जच कधी घेतलं नाही तर स्कोअर येणार कुठून. मग प्रश्न आला, "काका, मोबाईल ईएमआयवर घेऊ की एफडी तारण ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड काढू?" मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितोय. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, जितका जास्त तितका चांगला, एवढं धरून पुढे वाचा.

ईएमआय सोपा, यात वाद नाही. दुकानातच पॅन-आधार दिलं की कर्ज पास, स्वतःचे पैसे अडकत नाहीत आणि हप्ता ठरलेला असल्यामुळे हात सैल सोडायची सोय नाही. 'नो कॉस्ट' म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी निघते, रोखीवरचं डिस्काउंटही जातं, पण ते एक वेळ चालेल. सहा-आठ हप्ते वेळेवर गेले की स्कोअर दिसायला लागतो.

माझं घोडं अडलं ते शेवटाला. हप्ता २ तारखेला कापला जायचा आणि माझा पगार ७ ला. तारीख बदलून द्या म्हटलं तर नाही म्हणाले. एका महिन्यात खात्यात पैसे ठेवायचे राहिले, हप्ता बाऊन्स झाला, मी त्याच आठवड्यात लिंकवरून भरला आणि विसरलो. पुढचे सगळे हप्ते गेले, कर्ज संपलं, तो मोबाईलसुद्धा विकून टाकला. दोन वर्षांनी होम लोनला बँकेत गेलो तर तिथल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, त्या मोबाईलच्या लोनपुढे 'ॲक्टिव्ह' आणि थकबाकी ५९० रुपये. बाऊन्स चार्ज! तो राहिलाय हे मला तोपर्यंत कुणी कळवलं नव्हतं, निदान माझ्यापर्यंत तरी पोचलं नव्हतं. पैसे लगेच भरले, पण मग एनओसीसाठी (कर्ज फिटल्याचं पत्र) फोन, मेल, परत फोन, आणि एनओसी हातात आली तरी रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' दिसेना. इकडे फ्लॅटच्या ॲग्रीमेंटची तारीख डोक्यावर. शेवटी आहे त्या स्कोअरवर पाव टक्का जास्त दराने कर्ज घेतलं. २५ लाखांवर २० वर्षांसाठी ८.५ च्या जागी ८.७५ धरा, हप्त्यात साधारण चारशेचा फरक पडतो, पूर्ण मुदतीचे ९५ हजारांच्या आसपास झाले. ५९० रुपयांपायी.

आता परिस्थिती जरा बरी आहे म्हणा. १ जानेवारी २०२५ पासून बँका-फायनान्स कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला सिबिलसारख्यांकडे माहिती पाठवावी लागते, आणि रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी फोन लावत बसायचं काम आपलंच.

एफडीवरचं कार्ड मी नंतर काढलं. २५ हजारांची एफडी, लिमिट २० हजार, सॅलरी स्लिप मागितली नाही, एफडीचं व्याज चालूच. बिल आल्यावर भरायला अठरा-वीस दिवस मिळतात, त्यात पगार आरामात येऊन जातो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे खातं एकच, चालू राहणारं. मोबाईल घेतला एक लोन, फ्रिज घेतला दुसरं, प्रत्येकाची एनओसी सांभाळा, हा प्रकार नाही.

कटकटी इथेही आहेत. लिमिट छोटं, त्यामुळे ९ हजार खर्च केले तरी रिपोर्टला लिमिटचा ४५ टक्के वापर दिसतो (३० च्या आत ठेवा म्हणतात). मी बिल बनायच्या आधीच थोडे भरून टाकतो. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी, भरून सुटलो असं वाटलं तर मेलात, महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. आणि थकवलं तर बँक एफडीतून वळते करून घेईल, पण उशिराचा डाग रिपोर्टमध्ये राहतोच.

त्यामुळे कार्ड दिसलं की ज्याचा हात खाजतो किंवा ज्याला १५-२० हजार बाजूला ठेवणं जड जातं, त्याने ईएमआयच घ्यावा बहुतेक. फक्त सही करायच्या आधी हप्त्याची तारीख विचारा, आणि शेवटच्या हप्त्यानंतर एनओसी घेऊन महिन्याभराने रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो, आपला आपण बघितला म्हणून स्कोअर पडत नाही. बाकी कुणी मला विचारलं तर मी कार्डच सांगेन, अर्थात माझे हात पोळलेत हे धरून ऐका.

पुतण्याने मागच्या आठवड्यात १५ हजारांची एफडी केली. मोबाईल जुनाच वापरतोय, स्क्रीनला तडा गेलेला.