शंभर किलोच्या वरच्या पैलवानांसाठी सोलापुरातली 12 आठवड्यांची बॅच : काय जमलंय, कुठे फसतंय

बहुतेक जिममध्ये 115 किलोच्या पैलवानाच्या हातात 70 किलोच्या पोराचाच तक्ता पडतो. फरक एवढाच की बारला प्लेटा जास्त. जुळे सोलापुरातल्या या हॉलमधली बॅच मात्र खरोखर जड वजनासाठी आखलेली आहे आणि ते पहिल्याच आठवड्यात दिसतं. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगची मुलं, एका वेळी आठ जण, आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास. सकाळची तालमीची मेहनत सुटत नाही. फी महिना 2,500 रुपये.

आधी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार कमरेपर्यंत उचलणं. प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साधारण 22 सेंटिमीटरवर. मोठ्या पोटाचा, जाड मांड्यांचा पैलवान तिथपर्यंत वाकला की पोट मांड्यांवर दाबलं जातं, श्वास भरून पोट ताठ करायला जागाच उरत नाही आणि कंबर गोल होते. दुखणं तिथून सुरू होतं. इथे प्लेटांखाली 8 सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे ठेवतात, किंवा मध्ये उभं राहून उचलायचा षटकोनी ट्रॅप बार देतात. पाच-पाचचे तीन सेट, आणि प्रत्येक सेट अजून दोन वेळा उचलता येईल इतका दम शिल्लक असतानाच थांबवायचा. चौथा आठवडा हलका, सेट निम्मे. सकाळी मातीत लढत करून आलेल्या मुलाला याहून जास्त देण्यात अर्थ नाही.

बार कोपराच्या खोबणीत धरून मारायची बैठक, म्हणजे झर्चर स्क्वॉट, ही या बॅचची सगळ्यात चांगली गोष्ट. समोरच्याला कमरेतून कवळ घालून उचलताना हात जिथे असतात तिथेच वजन येतं. बार कोपरात रुततो, म्हणून त्याला सोलापुरी टर्किश टॉवेल दोन वेढे गुंडाळतात. सुरुवात 40 किलोपासून. तोच टॉवेल पकडीलाही. जड पैलवानाला रोज दोर चढायला लावला की कोपराच्या आतल्या बाजूचे स्नायुबंध धरतात. इथे टॉवेल रॅकमधल्या बारवर टाकतात, पाय जमिनीवर ठेवून दोन्ही टोकं धरून अंग वर ओढायचं आणि 20 सेकंद तसंच थांबायचं. असं चार वेळा. कोरा टॉवेल निसटतो, चार-पाचदा धुतलेला न्यावा.

मानेचं कामही समजून केलेलं आहे. डोकं जमिनीला टेकवून अंगाची कमान म्हणजे पूल करण्याआधी सहा आठवडे जोडीदार तळव्याने चारही बाजूंनी दाब देतो आणि मान जागची हलू द्यायची नाही. प्रत्येक बाजूला 10 सेकंद, तीन फेऱ्या. अंगाचं सगळं वजन एकदम मानेच्या मणक्यांवर टाकण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

दाराशीच रक्तदाब तपासतात आणि तोही मोठ्या कफने, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या मोठ्या पट्ट्याने. साधा कफ साधारण 32 सेंटिमीटरच्या दंडापर्यंतचा असतो. 42 च्या दंडाला तो आवळून लावला की आकडा असतो त्याहून जास्त दिसतो आणि धडधाकट पोरगा उगाच घाबरतो. उलट खरंच दाब वाढलेला असेल, तर श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी डॉक्टर गाठलाच पाहिजे. एवढी काळजी घेणारी जिम दुर्मीळच.

आता दम. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. जत्रेतली निकाली कुस्ती त्याहून कितीतरी लांबू शकते. जड गटात बराच वेळ मानेवर हात ठेवून रेटारेटी आणि मध्येच काही सेकंदांचा स्फोट. त्यासाठी इथला स्लेड, म्हणजे वजन ठेवून जमिनीवरून ढकलायचा लोखंडी सांगाडा, उत्तम. अंगाच्या वजनाच्या निम्म्या वजनाने 15 मीटर रेटायचा, 50 सेकंद विसावा, आठ फेऱ्या. रेटताना वजन खाली झेलावं लागत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय आखडत नाहीत. स्लेड बाहेर काँक्रीटवर नेऊ नये. घर्षण बदललं की वहीतल्या आकड्यांना काही किंमत राहत नाही.

पण नवव्या आठवड्यापासून बॅच घसरते. ‘दम काढायचा’ म्हणून सगळ्यांना 5 किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळवतात. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, म्हणजे 120 किलोच्या पैलवानाला 240 ते 360 किलो, हजारो वेळा. नडगी आणि टाच बोलायला लागते आणि ऐन कुस्तीच्या मैदानाच्या तोंडावर पंधरा दिवस वाया जातात. तोच दम सायकलवर 40 मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने मारून येतो. हॉलमध्ये सायकल आहे. मागितली तर देतात, पण मागावी लागते, आणि नव्या मुलाची वस्तादांपुढे तोंड उघडायची हिंमत होत नाही. हे बदललंच पाहिजे.

पत्र्याचं छप्पर आणि दोन पंखे. सोलापूरचा मे महिना 43 अंशांवर जातो आणि जड अंगाला वजनाच्या मानाने कातडीचा पसारा कमी असतो, त्यामुळे आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात सातनंतरचीच वेळ घ्या. काटा दाराशीच आहे. आधी-नंतर वजन करा आणि जितके किलो उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी मीठ घालून रात्रीपर्यंत थोडं-थोडं घ्या. दोन बेंचपैकी भिंतीकडचं डुगडुगतं. बेंचवर छापलेली मर्यादा माणूस आणि बार मिळून असते. 120 चा गडी आणि 130 चा बार म्हणजे 250.

काउंटरवर सुटी प्रोटीन पावडर पिशवीत भरून विकतात. ती घेऊच नका. डोपिंग चाचणीत अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, आणि सुट्या पिशवीत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे यांनी खुराक भागतो.

बॉक्सिंगच्या मुलांना ही बॅच निम्मीच उपयोगी. ओढण्याचं आणि पकडीचं काम भरपूर, पण कमरेतून वळून फेकायला अख्ख्या हॉलमध्ये एकच 5 किलोचा मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू. ज्याने वर्षभरही बार धरलेला नाही त्याने आधी साधी बैठक पक्की करून यावं. बाराव्या आठवड्यात कमाल वजनाची चाचणी असते. मैदान त्याच किंवा पुढच्या आठवड्यात असेल तर चाचणी सोडा, सेट निम्मे करा, वजन तेवढंच ठेवा आणि शेवटची जड डेडलिफ्ट लढतीच्या किमान सात-आठ दिवस आधी उरकून घ्या.