मॉड्यूल कोणत्या ओळीत ठेवायचं? वर्डप्रेस, ड्रुपल, पायथन आणि डेबियनच्या पद्धती शेजारी शेजारी

नागपूरच्या इतवारी बाजारात लोखंड पाहिजे तर लोहा ओळ, किराणा पाहिजे तर किराणा ओळ, सोनं पाहिजे तर सराफा, कोणाला विचारायची गरज पडत नाही. पण ओळीत शिरल्यावर कोणतं दुकान चालू आहे आणि कोणाचं शटर सहा महिन्यांपासून खाली आहे हे काही ओळीचं नाव सांगत नाही. मॉड्यूल म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडायचे छोटे भाग, त्यांच्या साइटचं अगदी हेच आहे, आणि आमच्या ग्रुपमध्ये दोन महिने हाच विषय चालू आहे म्हणून जे जे वाचलं-वापरलं ते लिहून राहिलो, तुमच्याकडे हाच निर्णय अडकला असेल तर कामी पडेल.

आम्ही काही जण वाचनालयांसाठीचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळतो, मॉड्यूल दीडशेच्या आसपास. कॅटेगऱ्या ज्याला जशा सुचल्या तशा टाकत गेलो, 'प्रिंटिंग' वेगळी, 'छपाई' वेगळी, आणि निम्मा माल 'इतर'मध्ये. उमरेडकडच्या एका वाचनालयातल्या ताईंना पुस्तकांवर चिकटवायची बारकोड लेबलं छापायची होती. त्यांनी 'छपाई' उघडलं, पहिलंच मॉड्यूल घेतलं, ते दोन व्हर्जन जुनं निघालं आणि टाकल्याबरोबर देवघेवीचं पान कोरं. शनिवारची संध्याकाळ, काउंटरवर वाचक उभे, ताईंनी जुनं रजिस्टर काढून सगळ्या नोंदी हातानं केल्या. चालणारं मॉड्यूल 'प्रिंटिंग'मध्ये पडून होतं. चूक पूर्ण आमची होती, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

आता पद्धती बघा.

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, तिथं मॉड्यूलला प्लगइन म्हणतात. प्लगइन लिहिणाराच सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये (रीडमी) स्वतःचे टॅग टाकतो, पाचपर्यंत. तिथं पन्नास हजारांच्या वर प्लगइन आहेत, एवढ्यांना कोण बसून ओळी लावणार, म्हणून त्यांच्यासाठी हे बरोबरच आहे. पण मोकळे टॅग म्हटले की एकच गोष्ट चार स्पेलिंगनी येते आणि जो शब्द जास्त सर्च होतो तो सगळेच टाकतात. मला तिथली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, प्लगइन कोणत्या व्हर्जनपर्यंत तपासलं, शेवटचं अपडेट कधी, किती साइटवर चालू आहे हे पानावरच दिसतं, आणि मागच्या तीन मोठ्या व्हर्जनवर तपासलेलं नसेल तर वर पट्टीच येते की बाबा, हे जपून. स्टार रेटिंग मात्र लहान ग्रुपनं उचलू नये, पाच जणांनी दिलेले स्टार म्हणजे त्यातले चार मित्रांचेच.

ड्रुपल हेही वेबसाइट बनवायचंच सॉफ्टवेअर, आणि या बाबतीत ते सगळ्यात जास्त शिकवतं असं माझं मत. तिथं दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत, याला कोणी सांभाळतंय का, आणि यात नवीन काम चालू आहे का. ऐकायला एकच वाटतं पण नाही, एखादं मॉड्यूल पूर्ण होऊन शांत बसलेलं असू शकतं, फक्त बग दुरुस्त होतात, आणि ते घ्यायला एकदम चांगलं असतं. 'नवीन मेंटेनर (म्हणजे सांभाळणारा) हवा' असं उघड लिहायचीही सोय आहे. सिक्युरिटी टीमचं लक्ष ज्याच्यावर आहे त्याला ढालीची खूण. व्हर्जनचा फिल्टर तर पाहिजेच, कारण ड्रुपल ७ हे जानेवारी २०११ ला आलं आणि ५ जानेवारी २०२५ पर्यंत सपोर्टमध्ये होतं, म्हणजे इतकी वर्षं जुना आणि नवा माल एकाच दुकानात. अजून एक, व्ह्यूज नावाचं तिथलं फार वापरातलं मॉड्यूल २०१५ मध्ये ड्रुपल ८ सोबत कोअरमध्येच, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच गेलं. असं मॉड्यूल बंद पडलेलं नसतं, त्याची आता वेगळी गरज नसते, आणि यादीत याच्यासाठी स्वतंत्र शेरा लागतो हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोष एकच, 'सांभाळतोय' हे मेंटेनर स्वतः भरतो, आणि जो माणूस सोडून गेला तो जाताना ते बदलायला येत नाही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची मॉड्यूलं जिथं ठेवतात त्या पायपीआय साइटवर वर्गीकरणाच्या शब्दांची यादी पक्की आहे. यादीत नसलेला शब्द टाकला तर अपलोडच नाकारलं जातं, त्यामुळे 'प्रिंटिंग' आणि 'छपाई'चा घोळ होऊच शकत नाही. मॉड्यूल कितपत तयार आहे यालाही १ ते ७ आकडे आहेत, १ म्हणजे नुसता विचार, ५ म्हणजे बिनधास्त वापरा, ७ म्हणजे बंद. नवीन शब्द पाहिजे तर मागणी करून थांबावं लागतं, तो त्रास मला चालेल.

मूडल, म्हणजे ऑनलाइन शिकवायचं सॉफ्टवेअर, मुख्यतः प्रकारावरून लावतं, ॲक्टिव्हिटी, ब्लॉक, थीम असं. डेव्हलपरला सोयीचं. शिकवणाऱ्याला ब्लॉक म्हणजे काय हे कशाला माहीत असावं?

आणि डेबियन या लिनक्स सिस्टिमचं डेबटॅग्ज, म्हणजे तिथल्या पॅकेजना (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांना) टॅग लावायची पद्धत. एका पॅकेजला एका खणात कोंबायचं नाही, तर हे काय आहे, कशावर काम करतं, स्क्रीन कशी आहे अशा वेगवेगळ्या बाजूंनी पाहायचं, आणि बाजू व शब्द यांच्या मध्ये दोन कोलन (::). वाचनालयवाल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल, कारण या विचाराच्या मुळाशी आपले एस. आर. रंगनाथन आहेत, मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, ज्यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण मांडलं. पद्धत म्हणून मला हीच सगळ्यात खरी वाटते, पण टॅग लावायला माणसं लागतात आणि दहा-बारा बाजू काढल्या तर लहान ग्रुप दमून जातो.

मग कोणी काय घ्यावं? पन्नासच्या आत मॉड्यूल असतील तर कॅटेगरीच्या भानगडीत पडू नका, एकच लांब पान आणि समोर व्हर्जन, शेवटचं अपडेट, कोण सांभाळतं एवढंच लिहा. हजारोंवर असतील तर वर्डप्रेससारखी सर्चवर मेहनत. आमच्यासारखे मधले असाल तर रंगनाथनांचा विचार घ्या पण बाजू फक्त तीन, कोणतं काम, कोणासाठी, कोणतं व्हर्जन. शब्द पायपीआयसारखे पक्के, 'इतर' काढूनच टाका. शेरे ड्रुपलचे, पण व्हर्जन आणि तारीख मशीननं भरायची, आणि मेंटेनरला वर्षातून एकदा मेल, महिनाभर उत्तर नाही आलं तर शेरा आपोआप 'मेंटेनर हवा'. आणि ही यादी एका माणसाच्या नावावर पाहिजे, सगळ्यांची म्हटली की कोणाचीच राहत नाही.

मागच्या रविवारी धरमपेठेत एका मित्राकडे बसलो, 'इतर'मधल्या प्रत्येक मॉड्यूलचं नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि उमरेडच्या त्याच ताईंना बोलावून म्हटलं, तुम्ही लावा, आम्ही बोलणार नाही. त्यांनी बारकोड लेबलाची चिठ्ठी उचलली, क्षणभर थांबल्या आणि 'नवीन पुस्तक दाखल करताना' म्हणून वेगळी ठेवली. प्रिंटिंगही नाही आणि छपाईही नाही. मग 'देवघेव', 'सभासद', 'वर्षअखेरची मोजणी' असे ढीग त्यांनीच केले आणि त्यांनीच नावं दिली, आता साइटवर तीच नावं चढवून राहिलो.