राव्हेलचा जी मेजर पियानो कॉन्चेर्टो: दोन पियानोंची आवृत्ती आठ महिने वापरल्यानंतर

फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या या कॉन्चेर्टोच्या (एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेच्या) प्रतीच्या पाठीचा गोंद आठव्या महिन्यात सुटला आणि अडाजिओची, म्हणजे संथ दुसऱ्या भागाची, दोन पानं हातात आली. विक्रेत्याचं म्हणणं, छपाईचा दोष असेल तरच बदलून मिळेल, बांधणी वापराने सुटते. हे पटण्यासारखं नाही. स्वरलिपीचं पुस्तक स्टँडवर सपाट उघडावंच लागतं, तेवढंही सहन होत नसेल तर ती बांधणीच चुकीची. घेण्याआधी पाठीकडून पाहा. फर्म्यांच्या (एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या) घड्या आणि मध्ये दोरा दिसला तरच घ्या. नुसती कापलेली पानं गोंदाने चिकटवलेली असतील, तर मधला भाग सर्वात आधी सुटतो.

पण बांधणी दुरुस्त होते. खरी तक्रार वाद्यांच्या नावांची आहे. या आवृत्तीत वरच्या ओळीत एकल पियानो आणि खाली दुसऱ्या पियानोवर उतरवलेला सगळा ऑर्केस्ट्रा आहे. कोणता स्वर कोणत्या वाद्याचा, हे क्वचितच लिहिलंय. साथीला बसणाऱ्याला ते चालेल. शैलीचा अभ्यास करणाऱ्याला अजिबात चालणार नाही. पहिलाच भाग बघा. चाबकाचा फटका, म्हणजे लाकडाच्या दोन फळ्यांचा आवाज, आणि लगेच पिकोलोवर, म्हणजे छोट्या, तीव्र आवाजाच्या बासरीवर, धून. त्या वेळी एकल पियानो काय करतो? साथ! एक हात पांढऱ्या पट्ट्यांवर जी मेजरमध्ये, दुसरा काळ्या पट्ट्यांवर एफ शार्पच्या अंगाने, दोन्ही मिळून एक चकाकता पडदा. नंतर तीच धून ट्रम्पेट घेतो. एकल वादक सुरुवातीलाच मागे बसतो आणि ऑर्केस्ट्रातलं सर्वात छोटं वाद्य पुढे येतं, ही या कॉन्चेर्टोच्या शैलीतली पहिली मोठी गोष्ट. दोन पियानोंच्या कागदावर मात्र पिकोलो आणि ट्रम्पेट दोघंही ‘दुसरा पियानो’ होतात. स्वर जसेच्या तसे असतात, फक्त कर्ता गायब.

याच भागात पियानोच्या कॅडेन्झाआधी (तो एकटाच वाजतो त्या जागेआधी) हार्पला स्वतःची मोकळी जागा आहे: ग्लिसान्दोंची (तारांवरून बोटं सरकवण्याची) लाट आणि तिच्यावर हार्मोनिक्समध्ये (तारेला हलका स्पर्श करून काढलेल्या उंच स्वरांत) धून. पियानोवर उतरवल्यावर तिथे साधे अर्पेजिओ (एकेक करून वाजवलेले स्वरसमूह) उरतात. मग कॅडेन्झात पियानो लांब ट्रिलमधूनच (शेजारच्या दोन स्वरांच्या झपाट्याच्या अदलाबदलीतूनच) धून का काढतो, याचा धागा सापडत नाही. हार्पच्या थरथरत्या आवाजानंतर पियानोने स्वतःचा थरथरता आवाज शोधलाय, हे वाद्याचं नाव दिसल्याशिवाय कळत नाही. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोत हाच तोटा आणखी मोठा होतो. त्याच्या पहिल्या भागात तंतुवाद्यं एकही स्वर वाजवत नाहीत आणि दुसऱ्या भागात म्यूट (आवाज दबवणारा तुकडा) लावून प्रथमच येतात. वाद्यांची नावं नसलेल्या कागदावर असा प्रवेश दिसणार कुठून?

पहिले तीन महिने मत असं होतं की ही आवृत्ती विश्लेषणासाठी निरुपयोगी आहे. दुसऱ्या भागापाशी ते बदलावं लागलं. अडाजिओ ई मेजरमध्ये, ३/४ मध्ये. पहिले ३३ बार (स्वरलिपीतले उभ्या रेघांमधले खंड) पियानो एकटाच. इथे सगळ्या वाद्यांच्या मोठ्या स्कोअरमध्ये काहीच जास्तीचं मिळत नाही आणि या आवृत्तीतली मोठी, सुटसुटीत छपाई खूप कामाला येते. प्रत्येक बारमध्ये सहा आठवांश स्वर: उजवा हात त्यांना २+२+२ असं धरतो, तर डाव्या हाताचा खर्ज ३+३ वर पडतो. दादरा ठाऊक असलेल्याला डावा हात लगेच कळेल. हे दोन हिशेब एकावर एक ३३ बार चालू राहतात म्हणूनच इतकी साधी चाल तरंगत राहते. पेन्सिलीने डाव्या हाताच्या पहिल्या आणि चौथ्या स्वराखाली टिंब द्या, उजव्याच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या स्वरावर रेघ. दोनच बार केले तरी पुरे. इटालियन पियानोवादक मिकेलांजेलींचं १९५७चं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं तर डावा हात उजव्याच्या किंचित आधी पडताना ऐकू येतो. कागदावर दोन्ही एकत्र आहेत.

मात्र हीच धून पुढे कोर आंग्लेवर (ओबोच्या जातीच्या, त्याहून खालच्या आवाजाच्या फुंकवाद्यावर) परत आली की पुन्हा जुनी अडचण. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरायला लागतो, कोर आंग्लेचा श्वासावर टिकतो, फुगतो. राव्हेलने आधी विरणाऱ्या वाद्याकडून लांब चाल गाऊन घेतली, मग ती टिकणाऱ्या वाद्याला दिली आणि पियानोला बत्तीसांशांची नक्षी विणायला बसवलं. दुसऱ्या पियानोवर उतरवलेली कोर आंग्ले विरतेच, म्हणजे मुद्दाच बुडाला.

म्हणून पाचव्या महिन्यापासून सोबत खिशात मावणारा स्टडी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेली छोटी प्रत. त्याचेही त्रास आहेत. छपाई बारीक, आणि न वाजणाऱ्या वाद्यांच्या ओळी गाळलेल्या, त्यामुळे पान उलटलं की चौथी ओळ क्लॅरिनेटची असेल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय तो ट्रान्स्पोज केलेला, म्हणजे काही वाद्यांचे स्वर ऐकू येतात त्यापेक्षा वेगळ्या उंचीवर लिहिलेले. कोर आंग्ले आणि एफ हॉर्न लिहिल्यापेक्षा पाच सुरांच्या अंतराने खाली वाजतात, म्हणजे लिहिलेला बी ई म्हणून ऐकू येतो. ई फ्लॅट क्लॅरिनेट तीन अर्धस्वरांनी वर. अडाजिओत पियानोसमोर चार शार्प आणि कोर आंग्लेसमोर पाच दिसले की नवशिके तिथे बायटोनॅलिटी (एकाच वेळी दोन स्वरपट्ट्या) लिहून मोकळे होतात. तिथे ती नाही. ती सुरुवातीच्या त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत आहे.

दोन्ही पुस्तकं जुळवण्यासाठी छापलेल्या रिहर्सल क्रमांकांवर (सरावात जागा सांगायच्या खुणांवर) थांबू नका, दोन क्रमांकांमध्ये बरेच बार असतात. प्रत्येक भागाचे बार दर दहाव्याला स्वतः मोजून दोन्हीकडे लिहा. मग दोन पियानोंच्या प्रतीत फक्त धून कोणाकडे आहे तेवढंच रंगवा: लाकडी फुंकवाद्यं हिरवी, पितळी लाल, तंतुवाद्यं निळी, हार्प पिवळी. सगळंच रंगवलं तर काहीच दिसत नाही. प्रेस्तोमध्ये, म्हणजे वेगवान शेवटच्या भागात, जेमतेम चार मिनिटांत, ई फ्लॅट क्लॅरिनेटची किंकाळी, पिकोलो, ट्रॉम्बोनची घसरण आणि बसूनची धावपळ एकामागोमाग येते. रंग भरल्यावर धून किती भराभर हात बदलते ते एका नजरेत कळतं.

पैशाचं म्हणाल तर आधी विचार करूनच खर्च करा. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राव्हेल १९३७मध्ये गेला, बार्टोक १९४५मध्ये. त्यांच्या जुन्या छापील प्रतींचे स्कॅन ए४वर मोठे करून, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल लावून घेतले तर वाचायला सोपे, सपाट उघडणारे आणि रंगवायला जीव न तुटणारे. नव्या संपादित आवृत्त्यांचे हक्क वेगळे, त्यांना हात लावू नका. संगीतकार लिगेती २००६मध्ये गेला, त्याचा पियानो कॉन्चेर्टो विकतच घ्यावा लागेल, आणि तिथे खिशातला आकार टाळा: पहिल्या भागात १२/८ आणि ४/४ एकाच वेळी चालतात, बारीक छपाईत कोणता ठोका कोणाखाली येतो तेच दिसत नाही.