लॉकेट की डन्स्टॉल?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये फुल-फॉरवर्डचं काम एकच: गोलखांबांसमोर चेंडू झेलायचा आणि गोल करायचा. टोनी लॉकेट आणि जेसन डन्स्टॉल एकाच काळात हे काम करत होते. लॉकेटचे 281 सामन्यांत 1360 गोल, हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. डन्स्टॉलचे 269 सामन्यांत 1254. सरासरी काढली तर फरक जेमतेम: 4.84 आणि 4.66.

विजेतेपदांत मात्र तुलनाच नाही. क्वीन्सलँडहून आलेला डन्स्टॉल शेवटपर्यंत हॉथॉर्न क्लबकडूनच खेळला आणि 1986, 1988, 1989, 1991 अशी चार विजेतेपदं त्याने मिळवली. 1992 च्या एका हंगामात तर 145 गोल! लॉकेटला एकही विजेतेपद नाही.

तरीही माझं मत लॉकेटलाच. हॉथॉर्नची मधली फळी डन्स्टॉलला चेंडू पुरवत राहायची. लॉकेटचा क्लब सेंट किल्डा बरीच वर्षं तळाशी होता, आणि तिथे खेळून त्याने 1987 चं ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जॉन प्लॅटनबरोबर विभागून मिळवलं. 1995 मध्ये तो सिडनीच्या संघात गेला, म्हणजे रग्बीच्या शहरात. पुढच्याच वर्षी एसेंडनविरुद्ध बरोबरी असताना, वेळ संपल्याचा भोंगा वाजल्यानंतर त्याने लांबून किक मारली. गोल हुकला, पण या खेळात थोडक्यात हुकलेल्या किकलाही एक गुण मिळतो; तो पुरला आणि सिडनीचा संघ 1945 नंतर प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे नॉर्थ मेलबर्नने हरवलं. 1999 मध्ये त्याने गॉर्डन कॉव्हेन्ट्रीचा 1299 गोलांचा जुना विक्रम मोडला, तेव्हा सिडनीचे प्रेक्षक थेट मैदानात धावले.