‘ट्रक तुमचाच होणार’ म्हणणाऱ्या कंपनीने मला कसं लुबाडलं

अमेरिकेत सीडीएल (ट्रक चालवायचा व्यावसायिक परवाना) काढून ट्रकवर असलेल्या आणि कंपनी बदलायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. आपली माणसं या धंद्यात अजून थोडी आहेत, त्यामुळे सही करण्याआधी कुणाला विचारावं म्हटलं तर ओळखीचं कुणी सापडत नाही. मला एका कंपनीने लीज-पर्चेसच्या, म्हणजे हप्ते भरत भरत ट्रक आपल्या नावावर करण्याच्या, नावाखाली फसवलं. हीच योजना नावं बदलून आजही जोरात चालू आहे, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

रिक्रूटर फोनवर अतिशय गोड बोलायचा. डाउन पेमेंट नाही, क्रेडिट बघत नाही, वर्षाला अडीच लाख डॉलरचा ग्रॉस (खर्च वजा करण्याआधीची कमाई), काही वर्षांत ट्रक तुमच्या नावावर, आणि पटलं नाही तर किल्ली परत करून मोकळे व्हा. याला ते ‘वॉक-अवे लीज’ म्हणतात. मी कराराची प्रत ईमेलवर मागितली. ती ओरिएंटेशनलाच मिळते, असं उत्तर आलं. हे उत्तर ऐकलं की तिथेच थांबा. दुसऱ्या राज्यात बसने नेतात, मोटेलमध्ये ठेवतात, दोन दिवस व्हिडिओ दाखवतात आणि शेवटी जाडजूड कागद समोर टाकून म्हणतात, ट्रक बाहेर उभा आहे, सही करा. तोवर जुनी नोकरी सुटलेली असते आणि परतीचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचं असतं. वाचायला वेळ मिळू नये, अशीच सगळी आखणी असते.

त्या कागदांत करार एक नव्हता, दोन होते. एक ट्रक भाड्याने देणाऱ्या लीजिंग कंपनीशी आणि दुसरा माल वाहणाऱ्या कंपनीशी. नावं वेगळी, पत्ता मात्र एकच. यातली मेख अशी की एक करार संपला की दुसराही मोडल्यात जमा. म्हणजे हप्ते मी भरायचे, पण तोच ट्रक घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जायची सोय नाही. लोड परवडत नसला तरी नाही म्हणता येत नाही. कागदावर मी स्वतंत्र व्यावसायिक आणि प्रत्यक्षात डिस्पॅचर सांगेल तिकडे जाणारा.

आता आठवड्याच्या सेटलमेंटचा, म्हणजे कमाई आणि कपातीच्या हिशोबाचा, कागद बघा. चांगल्या म्हणाव्यात अशा आठवड्याचे हे आकडे आहेत. ग्रॉस ४,८०० डॉलर. त्यातून डिझेलचे १,९००. ट्रकचा हप्ता ९५०. विमा ३८०. मेंटेनन्स फंडात मैलामागे १५ सेंट, म्हणजे २,४०० मैलांचे ३६०. ट्रेलरचं भाडं १७५. एस्क्रो, म्हणजे कंपनीकडे जमा राहणारी अनामत, १५०. परमिट ६५, अ‍ॅडमिन फी ५०, अपघात विमा ४५, ईएलडीचे, म्हणजे ड्रायव्हिंगचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचे, २५. हातात उरले ७००. आणि हे ७०० सुद्धा कर भरण्याआधीचे, कारण १०९९ वर, म्हणजे पगारी नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, काम करणाऱ्याला सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सच १५.३ टक्क्यांच्या दराने पडतो, इन्कम टॅक्स वेगळा.

या यादीतलं डिझेल आणि मेंटेनन्स सोडलं तर बाकीचे १,८४० डॉलर चाकं फिरोत न फिरोत, कापले जातातच. ट्रक गॅरेजमध्ये उभा राहिला किंवा आपण आठवडाभर घरी गेलो, की सेटलमेंट उणे १,८४०. ते पुढच्या आठवड्यातून वसूल करतात. मग माणूस घरी जायचं टाळतो, थकलेला असला तरी गाडी काढतो. कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास ड्रायव्हिंग, हा कायदा आहे, पण डोक्यावर उणे आकडा असला की त्या कायद्यावरही दबाव यायला लागतो. माझ्या मते या योजनेतलं सगळ्यात वाईट काही असेल तर ते हेच, कारण यात रस्त्यावरच्या दुसऱ्यांचेही जीव जातात.

हे एकट्यादुकट्याचं रडगाणं नाही. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याखाली नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ मध्ये आपला अहवाल दिला आणि असे लीज-पर्चेस करार बंदच करावेत, अशी शिफारस काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, केली.

मी ट्रक परत केला तेव्हा ‘वॉक-अवे’चा खरा अर्थ कळला. एस्क्रोतून सफाई, टायरची झीज, सीटवरचा डाग असं काय काय वजा करून शिल्लक शून्य दाखवली. मेंटेनन्स फंड तर कराराप्रमाणे परत मिळतच नाही म्हणे. मी ट्रुथ-इन-लीजिंगच्या नियमांचा, म्हणजे ४९ सीएफआर भाग ३७६ चा हवाला देऊन रजिस्टर्ड पत्र पाठवलं. करार संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत एस्क्रो परत करायचा, आणि त्यातून काय काय कापलं याचा तपशीलवार हिशोब द्यायचा, असा तो नियम आहे. बऱ्याच पत्रापत्रीनंतर थोडे पैसे सुटले, बाकीचे बुडाले. याच नियमांत आणखीही कामाच्या गोष्टी आहेत: डिलिव्हरीचे कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, भाड्याच्या टक्केवारीवर काम असेल तर रेटेड फ्रेट बिलाची (मालाचं ठरलेलं भाडं दाखवणाऱ्या बिलाची) प्रत द्यावी लागते, आणि ट्रक कंपनीला लावण्यासाठी अमुक वस्तू आमच्याकडूनच विकत घ्या, अशी अट घालता येत नाही.

कंपनीची कुंडली बघायला एक पैसा लागत नाही. ट्रक वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, म्हणजे एफएमसीएसएच्या, सेफर साइटवर कंपनीचा यूएसडीओटी (सरकारी नोंदणी) नंबर टाकला की किती ट्रक, किती ड्रायव्हर, गेल्या २४ महिन्यांत किती इन्स्पेक्शन, किती अपघात, हे समोर येतं. आउट-ऑफ-सर्व्हिसचा, म्हणजे तपासणीत दोष सापडून जागीच थांबवलेल्यांचा, रकाना नीट बघा. देशाची सरासरी शेजारीच छापलेली असते, गाड्यांसाठी साधारण २२ टक्क्यांच्या आसपास. कंपनीचा आकडा त्याच्या कितीतरी वर असेल, तर तुम्हाला मिळणारा ट्रक कसा असेल ते ओळखा. एफएमसीएसएच्याच एसएमएस (सुरक्षेचं मोजमाप) साइटवर एकेका इन्स्पेक्शनमध्ये काय सापडलं तेही दिसतं. ब्रेक आणि टायरच्या नोंदी पुन्हा पुन्हा असतील तर मेंटेनन्स फंडाचं काय होतं, हा प्रश्न रिक्रूटरला विचाराच. डीओटी नंबर अगदी नवा आणि ट्रक मात्र भरपूर, असं दिसलं तर त्याच पत्त्यावर आधी दुसरी कुठली कंपनी होती का, ते शोधा. बदनाम झालेल्या कंपन्या नवा नंबर घेऊन पुन्हा उभ्या राहतात. ड्रायव्हर त्यांना ‘कमेलियन’, म्हणजे रंग बदलणारे सरडे, म्हणतात.

पण सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे तिथे आत्ता लीजवर असलेल्या ड्रायव्हरच्या ओळीने आठ-दहा सेटलमेंट. नावं झाकून का होईना, पण सलग मागा. रिक्रूटर निवडून पाठवेल तो एक आठवडा काही कामाचा नाही. ट्रक स्टॉपवर त्या कंपनीचा ट्रक दिसला तर ड्रायव्हरशी बोला, कॉफी पिता पिता माणूस खरं सांगतो. मैलावर पैसे असतील तर मैल कसे मोजतात ते विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी झिप कोड ते झिप कोड असे हिशोबाचे मैल धरतात आणि चाकाखालून गेलेले मैल त्याहून जास्त भरतात. डॉकवर दोन तासांच्या वर थांबावं लागलं तर डिटेन्शन (थांबण्याचे पैसे) मिळतं का, आणि मिळालंच तर ते ड्रायव्हरपर्यंत पोचतं का, हेही विचारा.

आधीच अडकला असाल तर रागाच्या भरात ट्रक रस्त्यात सोडून निघून जाऊ नका. ‘अबँडनमेंट’ अशी नोंद डॅक रिपोर्टवर, म्हणजे ड्रायव्हरच्या आधीच्या नोकऱ्यांच्या अहवालावर, चढली की पुढची कंपनी दारात उभं करत नाही. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मागवता येतो आणि चुकीच्या नोंदीवर लेखी हरकत घेता येते. तासांचे नियम मोडून गाडी पळवायला लावत असतील तर बोलणं मेसेजवर आणा, जपून ठेवा आणि ९० दिवसांच्या आत एफएमसीएसएकडे दबावाची तक्रार करा. ट्रक परत करायचा ठरला की तो कंपनीच्या टर्मिनलवरच नेऊन लावा. आतून-बाहेरून, टायरच्या खोबणीपासून सीटपर्यंत आणि ओडोमीटरसकट, तारीख दिसेल असे फोटो काढा. किल्ली घेणाऱ्याकडून सहीची पोच घ्या आणि ४५ दिवस त्या तारखेपासून मोजायला लागा.