नव्वद एमबीची आजी

अण्णांच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. बटर पेपरच्या घड्या आणि प्रत्येक घडीवर पेन्सिलीनं तारीख. अण्णा मिरजेला भूगोल शिकवायचे, त्यामुळे तारखेसोबत गावही. त्यातल्या एका घडीवर ‘कोयनानगर, डिसें. ६७’. अकरा डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि त्याच आठवड्यात धान्य-कपड्यांच्या ट्रकमधून अण्णा तिथं गेले होते, गळ्यात आग्फाचा डबा कॅमेरा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, सहा बाय सहा सेंटीमीटरचे. त्यांचे प्रिंट कधी काढलेच नव्हते.

अण्णा गेल्यावर डबा माझ्याकडे पुण्याला आला. झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा वास यायचा. जुनी अ‍ॅसिटेट फिल्म सडायला लागली की असा वास येतो, एवढं कुठंतरी वाचलं होतं. घाबरलो आणि घाई केली. घाईतच माणूस फसतो म्हणतात, तसा फसलो.

निगेटिव्ह स्कॅन करून देणारं दुकान नीटनेटकं होतं. मालक तिशीतला, बोलायला गोड. ‘काका, ४८०० डीपीआय, टिफ फाइल, आर्काइव्ह क्वालिटी.’ डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, टिफ म्हणजे काही न गाळता साठवलेली मोठी फाइल. त्यानं कॉम्प्युटरवर नमुना दाखवला. कुण्या लग्नातली नवरी होती, शालूच्या जरीचे धागे मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ. तो नमुना माझ्या निगेटिव्हचा नव्हता हे तेव्हा डोक्यात आलं नाही. भाव ३५ रुपये फ्रेम. ४८ चौकोनी, ३४२ पस्तीस एमएमच्या आणि ६० स्लाइड्स, म्हणजे १५,७५० रुपये. निम्मे आगाऊ दिले. पावतीवर त्यानं लिहिलं, ‘निगेटिव्ह – १ डबा’. मी ती घडी घालून खिशात ठेवली. मोजून घ्या, मोजून लिहा, हे बोहारणीला जुने कपडे देतानाही आपण म्हणतो. इथं म्हणालो नाही.

पंचवीस दिवसांनी हार्ड डिस्क मिळाली. एकेक फाइल नव्वद एमबीच्या वर! मी भारावून गेलो. रात्री मुलाला फोनवर सांगितलं, अरे, एकेक फोटो नव्वद एमबीचा आहे. जणू वजनावरच घेतले होते.

दुसऱ्या दिवशी आजीचा फोटो उघडला. परसदारी जात्याशी बसलेली, नऊवारीतली. बघत राहिलो, पण काहीतरी खटकत होतं. नथ होती, कुंकू होतं, डोळे जरा जास्तच टपोरे. मग हनुवटीकडे लक्ष गेलं. आजीच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. लहानपणी मांडीवर पडून मी ते बोटानं मोजायचो. फोटोत हनुवटी कोरी.

डब्यातून ती निगेटिव्ह काढून खिडकीच्या काचेवर धरली. गोंदण तिथं होतं, उलट्या रंगात, तीन पांढुरके ठिपके.

मग कोयनेची घडी. शाळेची भिंत, शेजारी टोपी घातलेला एक म्हातारा. अण्णा सांगायचे, भिंतीला चौकटीपासून जमिनीपर्यंत तडा गेला होता, हात आत जाईल एवढा. कॉम्प्युटरवरची भिंत धडधाकट. ‘स्क्रॅच काढा’ म्हटल्यावर सॉफ्टवेअरला ओरखडा आणि तडा एकच. भूकंपाचा फोटो, त्यातून भूकंपच पुसलेला. हसावं की रडावं कळेना. शिवाय चौकोनी फ्रेमच्या वरची-खालची कड कापून फोटो आडवा केला होता, त्यात म्हाताऱ्याचा अर्धा हात गेला.

दुकानात गेलो. मालक म्हणाला, ‘डाग होता काका, एआयनं साफ केला. ओरिजिनलपेक्षा भारी झालंय.’

‘डाग नव्हे हो, गोंदण आहे ते.’

‘आता कोण करतं गोंदण?’

यावर काय बोलणार. मूळ स्कॅन तरी द्या म्हटलं, तर ‘ते डिलीट होतात’. पैशांचं विचारलं, तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं बोट लावून दाखवलं: डिजिटल कामाचा परतावा नाही.

माझा भाचा फोटोग्राफर आहे. आधी त्याच्याकडे जायला हवं होतं, पण घरच्या माणसाला कामाला लावायचा संकोच. त्यानं फाइल शंभर टक्के मोठी करून दाखवली. ‘मामा, यात ग्रेन कुठाय?’ कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं, खूप मोठं केलं की ते रव्यासारखं दिसायला हवं. इथं गालाला मेण फासलेलं आणि आकाशात बारीक चौकोन चौकोन, म्हणजे माहिती गाळून लहान केलेली जेपेग फाइल नुसती टिफ करून ठेवलेली. लहान फोटो सॉफ्टवेअरनं ताणून ६८०० पिक्सेल रुंद केला की फाइल नव्वद एमबीची होतेच. वजन वाढतं, माहिती वाढत नाही.

काही फोटोंवर अतिशय बारीक जाळी होती. निगेटिव्ह थेट मोबाइलच्या किंवा टॅबच्या उजळ पडद्यावर ठेवली की पडद्याचे ठिपके असे उमटतात, म्हणाला. आणि खरा पुरावा सापडला एका स्लाइडमध्ये. काकांनी काढलेली गणपतीची रात्रीची मिरवणूक. वरच्या काळ्या आकाशात ट्यूबलाइटची रेघ, चार बोटं आणि तीन भिंगांचा मोबाइल. फिल्मच्या चकचकीत बाजूवर पडलेलं प्रतिबिंब. आर्काइव्ह क्वालिटी!

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, सोबत ही स्लाइड. काही दिवसांनी दुकानातून फोन आला आणि सात हजार परत मिळाले. पण घरी मोजल्यावर कोयनेच्या रोलची एक पट्टी कमी निघाली, तीन फ्रेमची. पावतीवर ‘१ डबा’. डबा तर मिळाला होता.

मोबाइल वापरला म्हणून मी चिडलेलो नाही. कॅमेऱ्यानं निगेटिव्हचा फोटो काढणं ही चांगली पद्धत आहे, पुढं आम्ही तेच केलं. भाच्याचा २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, म्हणजे ज्याचा सेन्सर पस्तीस एमएमच्या फ्रेमएवढा, आणि वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटवणारी वन-टू-वन मॅक्रो लेन्स. पस्तीस एमएमची फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद, ती ६००० पिक्सेलवर उतरली की हिशेबानं ४२०० डीपीआय पडतात, आणि तेही ताणलेले नाहीत. त्याच्या जुन्या एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायच्या यंत्राच्या, खांबाला कॅमेरा खाली तोंड करून लावला. खाली एलईडी पॅनल, त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्याच्या दोन बोटं वर फिल्म, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. फिल्मच्या जागी आरसा ठेवायचा. लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा समांतर. खोलीत अंधार, दोन सेकंदांचा टायमर, एफ-८, आयएसओ १००, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं हात न लावलेली. फोकस चेहऱ्यावर नाही, ग्रेनवर. कृष्णधवल निगेटिव्हचं काळं-पांढरं उलटवून फोटो करणं सोपं असतं. रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी थराशी मात्र झगडावं लागलं. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर व्हाइट बॅलन्स घेतल्यावर, म्हणजे तिलाच बिनरंगी धरल्यावर, ती थोडी माणसात आली. धूळ ब्लोअरनं उडवायची, फुंकर नको, थुंकी उडते.

तुम्हाला हे जमणार नसेल तर जरूर दुकानात द्या. पण आधी चारच फ्रेम द्या, स्वतःच्या, त्यात एक अवघड. कसलीही सफाई न केलेली फाइल मागा आणि ती शंभर टक्क्यांवर बघा. कशानं स्कॅन करता ते यंत्र दाखवा म्हणा. ‘मशीन आत आहे’ म्हणाले तर डबा काखेत मारून निघा. पट्ट्या आणि फ्रेम मोजून पावतीवर लिहून घ्या, जमल्यास प्रत्येक पट्टीचा साधा मोबाइल फोटो काढून ठेवा. डीपीआय आणि एमबी ऐकून मान डोलवू नका, मी डोलवली होती.

कोयनेच्या उरलेल्या नऊ फ्रेम उतरल्या. तडा आहे. हात खरंच आत जाईल. म्हाताऱ्याचा हात आता पूर्ण दिसतो, त्यात पितळी तांब्या आहे.

आजी शेवटी घेतली. गोंदण आलं, तिन्ही ठिपके. पण पदरावर एक गोल डाग दिसला, मोठा करून पाहिला तर अंगठ्याचा ठसा. दुकानात देण्याआधी मी ती निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली होती, तेव्हा नव्हता. भाच्यानं ब्लोअर मारला, मऊ ब्रश फिरवला. ‘इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या बाजूला आहे मामा, आत बसलाय.’ चोवीस मेगापिक्सेलवर त्याची रेघ न् रेघ स्पष्ट दिसते.